पोती मोजलीत, आता उरलेले नत्रही मोजा : कृषी धोरण आखणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
कृषी, पर्यावरण व पाणीपुरवठा खात्यांचे मंत्री आणि सचिव,
तसेच खत-अनुदानाचे निकष ठरवणाऱ्या समित्यांचे सर्व सदस्य

सप्रेम नमस्कार.

पेरा किती हेक्टरवर झाला, धान्य किती टन आले आणि खत किती टन खपले, हे तीन आकडे कोणत्याही देशाच्या कृषी खात्याकडे तयार असतात. टाकलेल्या खतापैकी पिकात किती गेले आणि मागे किती उरले, हा चौथा आकडा विचारला तर बहुतेक ठिकाणी उत्तर मिळत नाही. औद्योगिक शेतीने पाणी, हवा, माती आणि खेडी यांचे जे नुकसान केले, त्याचा फार मोठा भाग या चौथ्या आकड्यात दडलेला आहे. तो शेतागणिक मोजावा आणि अनुदान त्याच्याशी जोडावे, ही मागणी करण्यासाठी हे पत्र लिहीत आहोत. कीटकनाशके, एकपीक पद्धती, भूजलाचा उपसा हे विषयही तितकेच गंभीर आहेत. तरी इथे आम्ही नत्रालाच, म्हणजे नायट्रोजनलाच, धरून राहणार आहोत. औद्योगिक शेती उभी आहे ती नत्रावर, आणि त्याचा हिशेब साध्या बेरीज-वजाबाकीने मांडता येतो.

हवेत 78 टक्के नायट्रोजन असूनही पिकाला तो थेट घेता येत नाही, कारण त्याच्या रेणूतले दोन अणू तिहेरी बंधाने जखडलेले असतात. विसाव्या शतकापर्यंत शेतकऱ्याकडे नत्राचे मार्ग मोजकेच होते: शेणखत, द्विदल पिके, पुराचा गाळ आणि जमीन पडीक ठेवणे. 1909 साली फ्रिट्झ हाबर यांनी हवेतल्या नायट्रोजनपासून प्रयोगशाळेत अमोनिया करून दाखवला. कार्ल बॉश यांनी तो कारखान्याच्या मापात आणला आणि 1913 मध्ये जर्मनीत ओपाऊ येथे उत्पादन सुरू झाले. 400 ते 500 अंश सेल्सिअस तापमान, वातावरणाच्या शेकडो पट दाब, लोहाचा उत्प्रेरक, आणि हायड्रोजनसाठी नैसर्गिक वायू किंवा कोळसा, अशी ही प्रक्रिया आहे. जगातली जवळपास निम्मी माणसे आज या नत्रावर पिकलेले अन्न खातात, असा अंदाज आहे. त्यामुळे खतबंदीची मागणी आम्ही करत नाही, आणि ती करणाऱ्यांशी सहमतही नाही.

पण पोत्यातल्या नत्राने आणखी एक गोष्ट केली. शेतात जनावर असण्याची आणि फेरपालटात द्विदल असण्याची सक्ती त्याने संपवली. धान्य एका प्रदेशात, जनावरे दुसऱ्याच प्रदेशात, अशी फारकत शक्य झाली. धान्याच्या प्रदेशात नत्र पोत्यातून येते आणि दाण्यातून बाहेर जाते. जगातल्या धान्याचा सुमारे तिसरा हिस्सा पशुखाद्यात जातो. म्हणजे ते नत्र शेकडो, कधी हजारो किलोमीटरवरच्या गोठ्यांत आणि शेडमध्ये जाऊन शेणमूत्रात साठते. परत मात्र येत नाही, आणि त्याचे कारण निव्वळ वजन आहे. एक टन युरियात 460 किलो नत्र असते. एक टन पातळ शेणस्लरीत ते 3 ते 5 किलो भरते, बाकी बहुतेक पाणी. एवढे पाणी वाहून नेणे काही किलोमीटरपलीकडे परवडत नाही, म्हणून ती शेडच्या आसपासच्या जमिनीतच जिरवली जाते. त्यात स्फुरदाचा (फॉस्फरसचा) वेगळा घोटाळा होतो. पिकाची नत्राची गरज भागेल इतकी स्लरी टाकली, तर स्फुरद गरजेच्या दुपटीच्या आसपास पडते आणि वर्षानुवर्षे मातीत साचत जाते. जगातल्या ज्ञात फॉस्फेट खडकसाठ्यांपैकी सुमारे 70 टक्के मोरोक्को आणि पश्चिम सहारा या एकाच पट्ट्यात आहेत. इतका मोजका साठा आपण एका बाजूने खणतो आणि दुसऱ्या बाजूने ओढ्यांत सोडतो.

आता प्रत्यक्ष हिशेब मांडू. एका हेक्टर मक्याला 180 किलो नत्र दिले आणि 8 टन दाणा आला असे धरा. टनभर मक्याच्या दाण्यात सुमारे 13 किलो नत्र असते. म्हणजे शेताबाहेर गेले 104 किलो, उरले 76. या 76 किलोंतले काही मातीच्या सेंद्रिय भागात मुरेल, काही हवेत जाईल, काही पाण्यात उतरेल. पाण्याचेच बघू. पावसाळ्यात मुळांच्या खाली 150 मिलिमीटर पाणी झिरपले, तर हेक्टरी 15 लाख लिटर झाले. 76 पैकी फक्त 30 किलो नत्र त्यात उतरले तरी 133 किलो नायट्रेट होते, आणि झिरपणाऱ्या पाण्यात लिटरला 88 मिलिग्रॅमहून जास्त नायट्रेट येते. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्याची मर्यादा 50 आहे. ती ओलांडायला या उदाहरणात हेक्टरी अवघे 17 किलो नत्र पुरते. म्हणजे शेतकऱ्याच्या हातून जेमतेम 37 किलो युरिया जास्त पडला आणि त्यातले नत्र सगळे झिरपले, तरी त्या हेक्टरखालचे पाणी तान्ह्या बाळाला पाजण्याजोगे राहत नाही. नायट्रेटचे नायट्राइट झाले की ते रक्तातल्या हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची क्षमता हिरावते. बाळ निळे पडते ते त्यामुळे.

नायट्रेट इतके सहज का निसटते? मातीच्या कणांवर ऋण भार असतो आणि नायट्रेटवरही ऋणच. माती त्याला धरून ठेवू शकत नाही. पाणी जाईल तिकडे ते जाते. नदीमार्गे ते समुद्रात पोचले की शेवाळ माजते. ते मरून तळाशी बसते, जिवाणू ते कुजवतात आणि पाण्यातला प्राणवायू संपवतात. लिटरला 2 मिलिग्रॅमच्या खाली तो गेला की मासे पळतात. ज्यांना पळता येत नाही ते मरतात. मिसिसिपीच्या मुखाशी मेक्सिकोच्या आखातात असा मृत पट्टा दर उन्हाळ्यात तयार होतो. 2017 मध्ये तो 22,700 चौरस किलोमीटरपर्यंत पसरला होता. जगात असे 400 हून अधिक पट्टे नोंदले गेले आहेत.

हवेत जाणाऱ्या भागाचाही हिशेब होतो. टाकलेल्या नत्रापैकी सुमारे 1 टक्का नायट्रस ऑक्साइडच्या रूपात उडतो, असे हवामानविषयक आंतरसरकारी मंडळाचे ढोबळ प्रमाण आहे. वरच्या 180 किलोंवर ते 1.8 किलो नत्र, म्हणजे वायूच्या वजनात 2.8 किलोंच्या आसपास येते. आकडा किरकोळ वाटेल. पण हा वायू शंभर वर्षांच्या मापात कार्बन डायऑक्साइडच्या 273 पट तापवतो. म्हणजे एका हेक्टरमागे पाऊण टनाहून अधिक कार्बन डायऑक्साइडइतका भार झाला. खत कारखान्यात तयार होताना जळलेला वायू यात धरलेलाच नाही.

हे नत्र वाया कसे जाते, ते धोरण लिहिणाऱ्याला बारकाईने माहीत हवे. सर्वात मोठी चूक टाकण्याच्या पद्धतीत आहे. ओलसर, उबदार जमिनीवर युरिया फेकून वरच ठेवला, की युरिएज हे विकर काही दिवसांत त्याचा अमोनिया करते. मातीचा सामू (pH) 7.5 च्या वर असेल आणि वारा असेल तर 20 ते 40 टक्के नत्र हवेत जाऊ शकते. तोच युरिया 5 सेंटिमीटर खोल मातीआड केला, किंवा टाकल्यावर दिवसभरात 10 ते 15 मिलिमीटर पाणी दिले, तर हे नुकसान फार कमी होते. अर्धवट ओल मात्र घातक. दव किंवा दोन-तीन मिलिमीटरच्या सरीने युरिया विरघळतो, पण खाली उतरत नाही. पाणी साचलेल्या भातात युरियाच्या मोठ्या गोळ्या चार चुडांच्या मध्ये 7 ते 10 सेंटिमीटर खोल एकदाच खोचल्या, तर सुमारे एक-तृतीयांश युरिया वाचतो. बांगलादेशात हे मोठ्या क्षेत्रावर करून पाहिले गेले आहे. त्याच्या अडचणीही लिहून ठेवायला हव्यात. वाळूसर, पाणी झिरपून जाणाऱ्या जमिनीत ही पद्धत चालत नाही, आणि वाकून गोळ्या खोचायचे काम कमरेचा जीव घेते. साधे हातयंत्र दिल्याशिवाय ही शिफारस कागदावरच राहते.

दुसरी चूक वेळेची. मक्याची नत्राची खरी भूक पेरणीनंतर महिनाभराने सुरू होते. सगळे नत्र पेरणीलाच दिले तर ते महिनाभर पावसाच्या स्वाधीन असते. तिसरी चूक मात्रेची, आणि ती बहुधा शिफारशीतूनच येते. उत्पादनाचे लक्ष्य गेल्या पाच वर्षांच्या सरासरीवर धरायला हवे. प्रत्यक्षात ते सर्वात चांगल्या वर्षावर धरले जाते. मग चार वर्षे खत जास्त होते आणि एक वर्ष बरोबर.

वरखताआधी, म्हणजे उभ्या पिकाला खत देण्याआधी, माती तपासली तर ही मात्रा दुरुस्त करता येते. मका गुडघ्याच्या खाली, 15 ते 30 सेंटिमीटर उंच असताना, शेतातल्या 15 ते 20 ठिकाणांहून 30 सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती घ्यायची, एकत्र करायची आणि नायट्रेट तपासायचे. नायट्रेट-नत्र किलोला 25 मिलिग्रॅमच्या वर असेल तर वरखताची गरज नाही. ही चाचणी फसते ती नमुन्याच्या पिशवीत. ओली माती प्लास्टिकमध्ये बांधून दोन दिवस उन्हात ठेवली, तर जिवाणू आतल्या आत नायट्रेट वाढवतात आणि आकडा खोटा येतो. नमुना त्याच दिवशी पातळ पसरून वाळवावा किंवा थंडीत ठेवावा. भातासाठी तर प्रयोगशाळाही लागत नाही, पानांच्या रंगाची पट्टी पुरते. दर सात ते दहा दिवसांनी सकाळी दहा झाडांचे सर्वात वरचे पूर्ण उघडलेले पान, आपल्या अंगाच्या सावलीत धरून, पट्टीशी जुळवायचे. दहापैकी सहा पाने ठरलेल्या छटेपेक्षा फिकट असतील तरच युरिया द्यायचा. प्रत्येक शेतात एक पट्टा बिनखताचा सोडावा, अशीही आमची सूचना आहे. माती स्वतःहून किती नत्र देते हे त्या पट्ट्याइतके स्पष्ट कोणतेही कोष्टक सांगत नाही.

द्विदलांविषयी एक गैरसमज धोरणांत वारंवार दिसतो. सोयाबीन घेतले म्हणजे जमिनीत नत्र वाढले, असे धरले जाते. टनभर सोयाबीनच्या दाण्यात सुमारे 60 किलो नत्र बाहेर जाते आणि पिकाच्या एकूण नत्रापैकी साधारण निम्मे ते साठ टक्केच हवेतून येते. दाणा विकल्यावर जमिनीची बाजू बहुतेकदा शून्याच्या आसपास किंवा त्याखालीच राहते. नत्र खरोखर वाढते ते हिरवळीच्या पिकाने, जे जमिनीतच गाडले जाते. आणि कापणीनंतर उरलेले नायट्रेट पकडायला द्विदलापेक्षा राय किंवा ओटसारखे खोल, दाट मुळांचे तृणधान्य आच्छादन पीक म्हणून उपयोगी. तेही कापणीनंतर लगेच पेरले तर. तीन-चार आठवडे उशीर झाला की नायट्रेट मुळांच्या पुढे निघून गेलेले असते.

नदीकाठच्या गवताच्या पट्ट्यांवरही सरकारे बराच पैसा खर्च करतात. वाहून येणारी माती आणि स्फुरद अडवायला ते चांगले आहेत. पण शेतात जमिनीखाली निचऱ्याचे पाइप असतील, तर नायट्रेटचे पाणी त्या पट्ट्याच्या खालून सरळ ओढ्यात पडते. तिथे पाइपाच्या तोंडाशी लाकडी चिप्सचा चर किंवा छोटी पाणथळ जागा करावी लागते, जिथे जिवाणू नायट्रेटचा पुन्हा वायू करतात. निचऱ्याचा नकाशा न बघता पट्ट्यांचे अनुदान वाटू नये.

आता हा भार कोण उचलतो ते पाहू. अमेरिकेच्या आयोवा राज्यातील डी मॉइन शहराच्या पाणीपुरवठा यंत्रणेला नदीतल्या नायट्रेटसाठी वेगळे शुद्धीकरण केंद्र बांधावे लागले. 2015 मध्ये तिने नदीच्या वरच्या बाजूच्या तीन काउंट्यांतल्या (जिल्ह्यांतल्या) निचरा-मंडळांवर दावा लावला. 2017 मध्ये तो फेटाळला गेला आणि खर्च नळाचे पाणी पिणाऱ्यांवरच राहिला. शेतकऱ्यालाही या व्यवस्थेत मोठा लाभ होतो असे मुळीच नाही. खत, बियाणे आणि यंत्र पेरणीआधी विकत घ्यावे लागते, दर नंतर ठरतो. शेवटच्या 40-50 किलो नत्राने उत्पादन फारसे वाढत नाही. तरी शेतकरी ते टाकतो, कारण कर्ज डोक्यावर असताना पीक कमी येण्याची भीती पोत्याच्या किमतीहून मोठी असते. शिवाय सल्ला देणाराच अनेकदा खत विकणारा असतो. मोठ्या पशुपालनात तर जोखीम उघडउघड खाली ढकलली जाते. अनेक देशांत जनावरे, खाद्य आणि औषधे कंपनीची असतात, पण शेडचे कर्ज, मेलेली जनावरे आणि शेणाचे डोंगर करारबद्ध शेतकऱ्याचे. अमेरिकेत 1935 च्या सुमारास 68 लाख शेते होती. 2022 च्या कृषिगणनेत ती सुमारे 19 लाख उरली. ज्याचा प्रत्येक टनामागचा नफा इतका बारीक आहे, त्याला टन वाढवत राहण्याशिवाय वाट उरत नाही. शेजाऱ्याची जमीन घेतल्याशिवाय टन वाढत नाहीत.

मग करायचे काय? अनेक देशांनी वेगवेगळे रस्ते धरले आहेत. डेन्मार्कने 1980 च्या दशकापासून कृती आराखडे आखले. प्रत्येक शेताला दरवर्षी खताचा हिशेब सरकारकडे द्यावा लागतो. तिथले शिल्लक नत्र साधारण निम्म्यावर आले आणि एकूण उत्पादन कोसळले नाही. चूकही झाली. मात्रा पिकाच्या फायदेशीर गरजेच्या खाली बांधल्या गेल्या, गव्हातली प्रथिने घटली, शेतकरी नाराज झाले आणि पुढे निकष सैल करावे लागले. चीनमध्ये 2005 ते 2015 या काळात सुमारे 2 कोटी 9 लाख लहान शेतकऱ्यांपर्यंत पोचलेल्या कार्यक्रमात हजाराहून अधिक संशोधक आणि सुमारे 65 हजार विस्तार कर्मचारी राबले. उत्पादन सुमारे 11 टक्के वाढले, नत्राचा वापर 15 ते 18 टक्के घटला. या यशाचे कारण शोधायला लांब जायला नको. बांधावर माणूस उभा राहिला. अनुदान काढल्याने पीक बुडत नाही, हा धडा कीटकनाशकांतूनही मिळतो. इंडोनेशियाने तपकिरी तुडतुड्यांच्या उद्रेकानंतर 1986 मध्ये भातावरील 57 कीटकनाशकांवर बंदी घातली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत कीटकनाशकांचे अनुदान काढून घेतले. भात तगला.

श्रीलंकेचा अनुभव मात्र उलटा आहे. 2021 च्या एप्रिलमध्ये रासायनिक खतांची आयात एकदम थांबवण्याचे ठरले. पर्यायी नत्राची तजवीज नव्हती, प्रशिक्षण नव्हते, हंगाम तोंडावर होता. भाताचे उत्पादन घसरले आणि नोव्हेंबरमध्ये बंदी मागे घ्यावी लागली. मात्रा घटवायची तर दरवर्षी थोडी, बिनखताच्या पट्ट्याशी तुलना करत, आणि माती कमी पडते तिथे अजिबात नाही. आफ्रिकेतल्या कित्येक प्रदेशांत शेतकरी जमिनीतून घेतो त्याहून कमी परत देतो. तिथे हिशेब उणे येईल आणि खत वाढवावे लागेल. मोजणी दोन्ही बाजू दाखवते, म्हणूनच आम्ही तिचा आग्रह धरतो.

आमच्या मागण्या अशा आहेत. प्रत्येक शेताचा नत्र-ताळेबंद वर्षातून एकदा भरून घ्यावा. आत आलेले खत, खाद्य, शेणखत आणि द्विदलांचे नत्र एका बाजूला. बाहेर गेलेला दाणा, दूध, मांस, विकलेले शेण दुसऱ्या बाजूला. एका पानात बसतो, आणि पावत्यांवरून पडताळता येतो. खत-अनुदानाचा ठरावीक वाटा दरवर्षी पोत्यावरून काढून, शिल्लक घटवणाऱ्या शेतकऱ्याला थेट द्यावा. पहिली तीन वर्षे दंड नको. मात्रा कमी केल्यामुळे पीक खरोखर कमी आले तर भरपाई देणारा विमा हवा, नाहीतर शेवटचे 40 किलो कोणी सोडणार नाही. सल्लागाराचा पगार विक्रीतून येता कामा नये. जनावरांची संख्या हाताशी असलेल्या जमिनीला बांधावी. युरोपीय संघाच्या 1991 च्या नायट्रेट निर्देशात शेणखतातून हेक्टरी वर्षाला 170 किलो नत्राची मर्यादा आहे. मोठी दुधाळ गाय वर्षाला 100 किलोच्या आसपास नत्र बाहेर टाकते, म्हणजे हेक्टरी पावणेदोन गायीही जेमतेम बसतात. नव्या शेडला परवानगी देताना एवढा भागाकार तरी करावा. आणि मर्यादा नत्राबरोबर स्फुरदावरही असावी.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे कार्यक्रम गुंडाळण्याची वेळ येणार नाही. मातीत आणि खडकात झिरपत गेलेले नायट्रेट विहिरीपर्यंत पोचायला कित्येक ठिकाणी दहा, वीस, त्याहून जास्त वर्षे घेते. आज शिल्लक घटवली तरी पुढच्या निवडणुकीआधी विहिरीतला आकडा उतरेलच असे नाही. जुने नत्र येत राहील आणि काही ठिकाणी आकडा आधी चढेलही. म्हणून यशाचे माप पहिली काही वर्षे शेताच्या ताळेबंदात आणि मुळांखालच्या, एक-दीड मीटर खोलीवरच्या पाण्यात घ्यावे. विहिरींचे नमुने त्याच जागी, त्याच महिन्यांत घेत राहावे आणि सगळे आकडे गावागावांत लावावेत. येत्या हंगामासाठी सुरुवात म्हणून प्रत्येक कृषी विभागात शंभर शेतांवर बिनखताचे पट्टे आखावेत. खर्च जवळजवळ काहीच नाही, आणि कापणीच्या दिवशी तिथल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या हातात त्याच्या स्वतःच्या जमिनीचा चौथा आकडा असेल.

आपले,
माती, पाणी आणि पीकपोषण या क्षेत्रांत काम करणारे आम्ही सर्व